चार लिंबं आणि पावणेदोन टन अब्रू

आमच्या सोसायटीत एक बाई राहतात, त्यांच्याकडे अजून हॅचबॅक आहे. हे मी आवाज खाली आणून सांगतेय, कारण त्या बाई म्हणजे मीच.

गाडी २०११ ची. पांढरी. डाव्या दारावर एका रिक्षाने ओढलेली रेघ, मागच्या काचेवर अष्टविनायकाच्या सहलीचं अर्धवट निघालेलं स्टिकर. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही, सोसायटीने मात्र केव्हाच सोडलंय. पूर्वी लग्न न जमलेल्या मुलीच्या आईला ज्या आवाजात विचारत, त्याच आवाजात मला पार्किंगमध्ये विचारतात, "अजून काही ठरत नाही का?"

दसऱ्याला बी विंगमधल्या काकांनी 'ती' आणली. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते, त्यामुळे मीही. काळी, उंच, पावणेदोन टनांची. पुढचं तोंड असं, की कुणीतरी तिचे पैसे बुडवलेत आणि ती वसुलीला आलीय. काकू ताम्हन घेऊन औक्षणाला पुढे झाल्या, तर कुंकवाचं बोट बॉनेटपर्यंत पोचेना. वॉचमनने धावत जाऊन पाट आणला. पाटावर उभं राहून गाडीला कुंकू लावलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, काकांनी गाडी पुढे घेतली, फच्च फच्च फच्च फच्च, आणि टाळ्या.

आपल्याकडे गाडीची पहिली टक्कर लिंबाशी होते आणि ती गाडीच जिंकते. पुढचा सगळा घोटाळा त्या पहिल्या विजयातून होतो, असं माझं मत आहे.

"हौस नाही हो वहिनी," काका पेढा देत म्हणाले, "सेफ्टी! सेफ्टीसाठी घेतली. हायवेला तुमच्या त्या डब्याचं काही खरं नाही." मग त्यांनी दार उघडून लावून दाखवलं. धप्प! "ऐकलंत? याला म्हणतात पत्रा." आता हा दाराचा 'धप्प' गाडीवाल्या कंपन्या मुद्दाम घडवतात, रबर आणि कुलूप जुळवून जुळवून, तबलजी सूर जुळवतो तसा. पण पेढा तोंडात होता, म्हणून बोलले नाही.

एकटे काकाच असते तर मी म्हटलं असतं, चालायचंच. पण साथच आलीय. २०२३-२४ या वर्षात देशात जेवढ्या प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त या उंच जातीच्या होत्या. एकेकाळी पुण्यात चारचाकी म्हणजे छोटीच गाडी आणि मोठी गाडी फक्त नेत्याकडे किंवा बिल्डरकडे. आता बँकेतला क्लार्कही नेत्यासारखा बसतो आणि विचारलं की सांगतो, सेफ्टी. सनरूफचं नाव कुणी काढत नाही. समोरच्या बिल्डिंगच्या नाकावर टिच्चून, असंही कुणी म्हणत नाही. सेफ्टी!

बरं, खोटं कशाला बोला, काका अर्धे बरोबर आहेत. हे कबूल करताना मला किती कष्ट होतात ते तुम्हाला कळणार नाही.

कॅरम खेळला असाल तर बाकी काही शिकवायला नको. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमचा, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. टक्कर झाली की सोंगटी उडते, स्ट्रायकर जरासा मंदावतो. रस्त्यावरही तेच. माझी गाडी नऊशे किलोची, काकांची सोयीसाठी दुप्पट धरू. दोघंही ताशी ५० ने येऊन समोरासमोर धडकलो आणि गाड्या एकमेकींत अडकल्या, तर तो सगळा गोळा काकांच्या दिशेने १७ च्या वेगाने पुढे जातो. म्हणजे काकांचा वेग ५० वरून १७, एकूण ३३ चा धक्का. माझा ५० वरून शून्य आणि वर आणखी १७ ने उलट्या दिशेला, एकूण ६७. अगदी दुप्पट. गणित पक्षपाती असतं हे शाळेतच कळलं होतं, पण इतकं?

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या हायवे सेफ्टी संस्थेने २००९ मध्ये हे खरोखर करून दाखवलं. 'स्मार्ट' नावाची एक इटुकली गाडी आणि तिच्या जवळजवळ दुप्पट वजनाची मर्सिडीज सी-क्लास, दोघी ६४ च्या वेगाने समोरासमोर. स्मार्ट हवेत उडाली आणि सव्वा फेरी फिरून खाली आली. एकटीने धडक द्यायच्या चाचणीत याच स्मार्टला चांगला शेरा होता! भिंतीपुढे पास, मर्सिडीजपुढे नापास. त्यामुळे धडक-चाचणीतले छोट्या गाडीचे पाच तारे आणि मोठ्या गाडीचे पाच तारे सारखे नसतात. चाचणीत गाडीची धडक साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झाल्यासारखी असते. तारे आपापल्या वर्गातले असतात, वर्ग सोडून बढाया मारू नयेत.

पण आता उरलेलं अर्धं ऐका. माझी मावसबहीण टेक्सासमध्ये असते. तिच्या नवऱ्याने पिकअप घेतलाय. पाठीमागे उघडा हौदा, त्यात एक म्हैस झोपेल. त्यात ते काय नेतात म्हणाल तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर, तेही वर्षातून एकदा. तीही फोनवर म्हणाली, "अगं, इथे सगळ्यांकडे एवढ्याच असतात. छोटी घेतली तर भीती वाटते." म्हणजे शेजाऱ्याची मोठी आहे म्हणून आपली मोठी, आपली मोठी आहे म्हणून शेजाऱ्याची आणखी मोठी. मिशेल व्हाइट या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये या प्रकाराला सरळ शस्त्रास्त्रस्पर्धाच म्हटलं आणि हिशेबही मांडला. मोठ्या गाडीतल्या माणसांचा एक जीवघेणा अपघात टळतो, तेव्हा इतरांचे किमान ४.३ जीवघेणे अपघात वाढतात. आपल्या दारातला केर शेजारच्या दारात ढकलणं आणि 'आमचं अंगण बघा किती स्वच्छ' म्हणणं, याला आमच्या आळीत वेगळा शब्द होता. छापता यायचा नाही.

शिवाय ही 'पत्र्या'ची भक्ती! पत्रा जाड म्हणजे गाडी भक्कम, चेपला म्हणजे कंपनीने फसवलं. अहो, चेपायलाच तर दिलेला असतो. हापूसच्या पेटीत गवत कशाला घालतात? पेटी आदळली की गवत दबतं आणि आंबा वाचतो. गवत काढून लोखंडी पेटी आणलीत तर पेटी शाबूत राहील, देवगडहून पुण्याला पोचेपर्यंत आत आमरस झालेला असेल. गाडीचा पुढचा भाग म्हणजे गवत, आतली माणसांची जागा म्हणजे पेटी, आणि आंबा कोण ते सांगायला नको. त्याच विमावाल्या संस्थेने २००९ मध्येच आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ ची शेवरोले बेल एअर, ती जुनी, अगडबंब, 'तेव्हाचं लोखंडच वेगळं' अशी, २००९ च्या शेवरोले मालिबूवर आपटली. मालिबूतल्या बाहुल्याच्या पायाला फार तर लागलं असतं. बेल एअरच्या आत बघवत नव्हतं.

आणि घरचं उदाहरण हवं तर तेही आहे. मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या काही गाड्या आपटून बघितल्या. त्यात छोट्या होत्या, त्यांना शून्य तारे मिळाले, त्यावर कुणाला आश्चर्य वाटलं नाही. पण स्कॉर्पिओलाही शून्य! एअरबॅग नसलेलं खालचं मॉडेल होतं ते. गावोगावच्या दादांची गाडी, जिच्या नुसत्या येण्याने टपरीवरचे लोक उभे राहतात, ती आणि त्या छोट्यांतली इवलीशी इऑन एकाच बाकावर. न्यायाने हेही सांगते की नव्या स्कॉर्पिओ-एनने २०२२ मध्ये पाच तारे मिळवले. त्याआधी २०२१ मध्ये टाटा पंचनेही पाच मिळवले होते, आणि २०२४ मध्ये नव्या डिझायरने. पंच जेमतेम एक टनाची, डिझायर तर उंचसुद्धा नाही. शून्याचे पाच होतात ते सांगाडा, पट्टे, एअरबॅगा नीट केल्याने, नुसतं अंग वाढवल्याने नाही.

आता सगळ्यात चविष्ट भानगड. जरा जवळ या.

या ज्या 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणून फिरतात ना, त्यातल्या कित्येक मुळात एसयूव्ही नाहीतच! फुटपट्टी घेऊन मोजा. बहुतेकींची लांबी ३,९९५ मिलिमीटर भरते. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, तांदळाच्या एका दाण्याएवढं. देवाचा कौल वगैरे नाही, हा कराचा महिमा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं, आणि तेव्हापासून साऱ्या कंपन्या श्वास रोखून त्या रेषेच्या आत उभ्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला, तरी १८ टक्के आणि ४० टक्के यांच्यामधली रेषा तीच. मग काय करायचं? खाली हॅचबॅकचा पाया, वर उंच टाचा, कडेने काळं प्लॅस्टिक, टपावर रेलिंग, आणि नाव असं की हिमालयात जन्मली असावी. पंच आणि अल्ट्रोझ एकाच पायावर उभ्या आहेत, सख्ख्या बहिणी. एकीने नुसत्या टाचा घातल्या तर लोक तिला 'दणकट' म्हणायला लागले. आणि माझ्या बिचारीला डबा.

मी हे सगळं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आपली ती नाही, आपली खरी आहे." बरं. मग खरीचं बोलू.

खरी मोठी गाडी छोट्या गाडीला हरवते हे मान्य. पण आपल्या रस्त्यावर गाडी धडकते कुणाला? २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यात शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची होती आणि वीसच्या आसपास पायी चालणारी. यांच्या वजनाचा हिशेब टनात करत नाहीत. काकांच्या गाडीपुढे आमच्या कामाच्या मावशी आहेत, स्कूटीवर, पुढे भाजीची पिशवी. आणि उंच बॉनेटची गंमत अशी की छोटी गाडी माणसाच्या पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट तोंडाची गाडी थेट कमरेला, छातीला लागते आणि माणसाला पुढे पाडते, चाकाकडे. अमेरिकेतल्या त्याच संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांच्या आतल्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्क्यांच्या आसपास जास्त असते. काकू पाटावर का चढल्या, ते आठवा. ज्या बॉनेटपर्यंत काकूंचा हात पोचत नाही, त्याच्यापुढे उभी असलेली नात आजोबांना वरून कशी दिसणार?

त्यावर काही जण पुढे लोखंडी नळ्यांच्या दाढाही बसवतात. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्या बेकायदेशीर ठरवल्या, तरी अजून दिसतात. सेफ्टीसाठी! त्या दाढा समोरच्याला फोडतात, आणि धडकेचा जोर दबणाऱ्या पत्र्याऐवजी सरळ चासीला पोचवून आपल्याच एअरबॅगचा अंदाज चुकवतात. हापूसच्या पेटीला बाहेरून पहार बांधायची.

"पण ट्रक?" काकांनी हुकमाचं पान काढलं. "नवले पुलावर ट्रक अंगावर आला तर?"

नवले पुलाचं नाव काढलं की पुण्याचा माणूस आवाज खाली आणतो. नव्या कात्रज बोगद्याकडून तो लांब उतार, अवजड गाड्यांचे दमलेले ब्रेक. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच अवजड गाडीने तिथे डझनावारी वाहनांना उडवलं होतं. त्या गर्दीत छोट्या होत्या, मोठ्या होत्या, आणि ट्रकने कुणाची जात विचारली नाही.

म्हणून मी कॅरमचंच गणित पुढे नेलं. आपल्याकडे सर्वात मोठ्या ट्रेलरला २०१८ पासून ५५ टनांपर्यंत परवानगी आहे. असा भरलेला ट्रेलर ताशी ५० ने आला आणि काका त्याला ५० ने समोरून भेटले, तर काकांना बसणारा धक्का ९७ चा. मी भेटले तर ९८ चा. दहावीपासून आजपर्यंत मी एका मार्काने पुढे आले ती इथेच! पंधरा-वीस लाख जास्त मोजून काकांनी एक मार्क वाचवला. ट्रेलरला मात्र दोघांकडून मिळून जेमतेम पाच. त्याच्या लेखी आम्ही दोघंही लिंबं.

आणि समोरून नाही, मागून जाऊन घुसलात तर? ट्रकचा हौदा उंच, त्याखालचा आडवा लोखंडी अडसर वाकलेला किंवा नसलेलाच. तिथे गाडीचं तोंड खाली जातं आणि हौद्याची कड थेट काचेतून आत येते. एक्स्प्रेसवेवर रात्री दिवा न लावता कडेला उभा ट्रक म्हणजे हेच. तिथे दाराच्या 'धप्प'चा काय उपयोग?

मी चिडलेय ती खरं तर या कशावरच नाही. त्या दिवशी काकांनी मला हौसेने चक्कर मारून आणली. बसले मागे, पट्टा ओढला. काका हसले. "वहिनी, मागे काय पट्टा! ही गाडी आहे, तुमचा डबा नाही." पुढे बघते तर काकांचाही नाही. आणि तरी ती टिंग टिंग वाजत नाही! कसं? पट्ट्याच्या खाचेत एक चिमुकली क्लिप खोचलेली. गाडीला वाटतं माणूस बांधलाय, माणसाला वाटतं गाडी बघून घेईल, दोघंही एकमेकांच्या भरवशावर.

बाई बाई बाई! सहा एअरबॅगांची गाडी, आणि शे-दोनशे रुपयांच्या क्लिपने तिला वेड्यात काढलं. हे आमच्या बी विंगपुरतं असेल म्हणावं, तर मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांतून या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. काही विक्रेते तर त्या बाटली उघडायचं ओपनर म्हणून विकत होते. म्हणजे लाज होती! चोरून विकत होते, चोरून घेत होते, आणि लिफ्टमध्ये सांगत होते, सेफ्टी. पट्टा लावला नसेल तर एअरबॅगही वैरीण होऊ शकते. ती पट्ट्याने धरून ठेवलेल्या माणसासाठी बेतलेली असते, उडत येणाऱ्या माणसासाठी नाही.

इथे मला थट्टा सुचत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी मोठी, महाग, उत्तम बांधणीची एसयूव्हीच होती. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. ते दोघं गेले, पुढचे दोघं जबर जखमी होऊन वाचले. त्यानंतर महिनाभर सगळं पुणं मागच्या सीटवर पट्टा लावून बसलं होतं. मग दिवाळी आली, मागे तीनच्या जागी पाच जण बसायला लागले.

आणि सनरूफ! नातू त्यातून कमरेपर्यंत बाहेर, हात पसरलेले, आजी खालून व्हिडिओ काढतेय, आजोबा चाळीसने चालवताहेत. ज्या गाडीचे तारे मोजून घेतली, तिच्या टपाला भोक पाडून त्यातून पोराला बाहेर काढायचं! माझ्या डब्याला सनरूफ नाही. पोर आतच राहतं, रडतं, पण आत राहतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी विषय काढून बघितला. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ ला लोकांनी मतदान करून बाहेरून येणाऱ्या, १.६ टनांवरच्या गाड्यांचं पार्किंग तिप्पट केलं, मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो. मतदानाला सहा टक्के लोकही आले नव्हते, म्हणजे आमच्या सभेसारखंच. सेक्रेटरी म्हणाले, "पॅरिसचं पॅरिसात. पुढचा विषय, टाकीची सफाई." सेक्रेटरींची गाडी कोणती, हे मी इथे सांगणार नाही. रंग राखाडी आहे एवढंच.

गेल्या आठवड्यात काकांनी रिव्हर्स घेताना खांब ठोकला. कॅमेरा होता, सेन्सर होते, पुढे-मागे पिंपिंही होत होतं. पण आमचा खांब १९९८ चा. त्याला हलकं-जड कळत नाही. तो हललाच नाही, त्यामुळे काकांच्या वजनाचा फायदा घ्यायला समोर कुणी नव्हतं. बंपर, दोन सेन्सर, मागचा दिवा. वर्कशॉपचं एस्टिमेट काकूंनी मला जिन्यात दाखवलं. त्या रकमेत माझ्या डब्यासारखी एक आख्खी गाडी सेकंडहॅंड मिळाली असती. मी फक्त "अरे अरे" म्हटलं. मनापासून म्हटलं, असं नाही म्हणणार.

काका खचले असतील म्हणून काल चौकशीला गेले. खांबाचं काही नव्हतंच, दुःख वेगळंच होतं. सी विंगमध्ये परवा एक नवी आली, काकांच्या गाडीपेक्षा हातभर लांब आणि वीतभर उंच. काका खिडकीतून तिच्याकडे बघत म्हणाले, "आपली आता हायवेला जरा छोटीच वाटते हो." पाडव्याचं बुकिंग करून आलेत म्हणे.

आज सकाळी भाजीवाल्याकडे काकू भेटल्या. ढिगातली लिंबं एकेक उचलून, दाबून, परत टाकत होत्या. भाजीवाला वैतागून म्हणाला, "सगळी सारखीच आहेत ताई, रसाची आहेत."

"रसाचं नको रे," काकू म्हणाल्या, "मोठी दे चार. गाडी मोठी आहे."